ब्रुसेल्समार्गे बहिणीकडे

वाल्ये सेको गावात काहीही बिघडलं की खापर फुटायचं ते ब्रुसेल्सच्या डोक्यावर. कोंबड्यांना टोचून घ्यायची पाळी आली, ब्रुसेल्स. ऑलिव्हच्या तेलाच्या बाटल्यांचं झाकण बदललं, ब्रुसेल्स. पाद्रीबाबांचा चष्मा हरवला तेव्हासुद्धा कॉफीच्या दुकानात कुणीतरी म्हणालंच, "त्यांचाच काहीतरी नवा नियम असेल!" देओलिंदाच्या डोळ्यांसमोर तर हे ब्रुसेल्स म्हणजे एक माणूसच उभा राहायचा. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, जन्मात कधी न हसलेला आणि दिवसभर शिक्के मारत बसलेला. त्या माणसाशी तिचं उभं वैर होतं, कारण त्यानं तिची होडी बंद पाडली होती.

होडी बापाची. बापामागं देओलिंदानं चालवली. ग्वादियाना नदीच्या अलीकडे पोर्तुगाल, पलीकडे स्पेन, आणि नदी तिथे इतकी अरुंद की काठावरून शिवी दिली तर पलीकडून उत्तर यायचं. देओलिंदाची थोरली बहीण एंकार्ना लग्न होऊन पलीकडच्या एल ओल्मिलो गावात गेलेली. रोज दुपारी एकची फेरी झाली की देओलिंदा होडी पलीकडेच बांधायची आणि बहिणीकडे जेवायला जायची. पलीकडे तेव्हा दोन वाजलेले असायचे, कारण स्पेनची घड्याळं तासभर पुढे. एंकार्ना दारात उभी राहून म्हणायची, "आलीस? रोज उशीर!" आणि देओलिंदा म्हणायची, "ताई, मी वेळेवरच आलेय, तुझा देश घाईत आहे." वर्षानुवर्षं हेच, आणि दोघींना रोज तितकंच हसू यायचं.

मग होडीचा परवाना संपला. इकडचं कार्यालय म्हणालं, तुमच्या होडीत परदेशातले प्रवासी बसतात, तेव्हा आधी पलीकडचा कागद आणा. पलीकडचं कार्यालय म्हणालं, होडी परदेशी आहे, आम्ही कशाला कागद देऊ? हा टोलवाटोलवीचा खेळ पाहून देओलिंदानं विचारलं, "अहो, पण असं का?" त्यावर दोन्ही काठांवरचे साहेब एकाच सुरात म्हणाले, "ब्रुसेल्सचा नियम." आता मला सांगा, यापुढे माणसानं बोलायचं काय?

होडी साखळीनं धक्क्याला बांधली गेली. मासेमारांच्या होड्यांत माणसं बसवायला मनाई. पूल होता, पण पार खाली, समुद्राच्या बाजूला. दोन बस बदलून जायचं म्हणजे जेवायला निघालेलं माणूस रात्रीच्या जेवणालासुद्धा पोचायचं नाही. एंकार्नाचे गुडघे तर बसची पायरी बघूनच संप करायचे. दोघी बहिणी आपापल्या काठावर उभ्या राहून ओरडून बोलायच्या. ओरडून हवापाण्याच्या गोष्टी होतात, भांडणंही होतात. पण मनातलं काही ओरडून सांगता येत नाही.

एक दिवस पलीकडून एंकार्ना ओरडली, "अगं, मी अर्ज केलाय!"

"कसला?"

"युरोपच्या संसदेकडे! फोनवरून! कुणीही करू शकतं म्हणे, आपापल्या भाषेत! तुझंही नाव घातलंय!"

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!"

हे मात्र खरं होतं. पुढे पुष्कळ महिन्यांनी ब्रुसेल्सहून बोलावणं आलं. अर्ज समितीपुढे येऊन पाच मिनिटं बोलायचं. बोलायचं कुणी, यावर नदीच्या दोन्ही काठांवरून बराच आरडाओरडा झाला. शेवटी एंकार्ना म्हणाली, "तूच बोल. मी बोलले तर भांडण होईल." ही बाई कुणाला काय सांगत होती, ते पुढे कळेलच.

देओलिंदा लिस्बनहून गेली, एंकार्ना सेव्हियाहून, आणि दोघी ब्रुसेल्सच्या विमानतळावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"किती वाळलीस गं!" एंकार्ना म्हणाली.

"तू नाही वाळलीस, तेवढंच समाधान."

एंकार्नानं पिशवीतून बटाट्याचं आम्लेट आणलं होतं. विमानतळाच्या बाकावरच त्यांनी डबा उघडला, कारण होडी बंद झाल्यापासून हे त्यांचं पहिलंच एकत्र जेवण होतं आणि हॉटेलपर्यंत थांबायला दोघींनाही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी संसदेच्या दारात त्यांना ग्रासा भेटली. ग्रासा पोर्तुगीज दुभाषी, केस पिकलेली, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं अगदी शेजारणीसारखं. "बाई, भाषण लिहून आणलंय का? माझे सहकारी तुमचं बोलणं वीसेक भाषांत नेणार. कागद असला तर त्यांचा जीव भांड्यात पडेल."

"मी काय कागद बघून बोलते होय?"

"बरं, मग निदान सावकाश बोला."

"सावकाश बोलायला काय झालं!" देओलिंदा म्हणाली, आणि तेही इतक्या भरभर की ग्रासानं कपाळाला हात लावला.

सभेला वेळ होता. ग्रासानं दोघींना कॉफी पाजली. कप खाली ठेवून देओलिंदानं थेट विचारलं, "ब्रुसेल्स कुठे बसतो?"

"कोण?"

"अहो, तोच. नियम करणारा."

ग्रासाला आधी हसू आलं, मग तिनं ते आवरलं. "तसा कुणी एक नाही हो. नव्या कायद्याचा मसुदा मांडायचा तो आयोगानं. ती पलीकडची मोठी इमारत. मग आमची ही संसद, जिला तुम्ही मतं देता, आणि देशोदेशींच्या मंत्र्यांची परिषद, अशा दोघींनी तो बघायचा, दुरुस्त करायचा. दोघींचा होकार आला तरच कायदा."

देओलिंदानं क्षणभर विचार केला. "म्हणजे लग्नाची बोलणी. मध्यस्थानं स्थळ आणायचं आणि दोन्हीकडच्यांनी हो म्हणायचं."

"अगदी तसंच."

"आणि नंतर भांडण झालं तर?" एंकार्नानं विचारलं.

"लक्झेंबर्गला न्यायालय आहे."

"आणि कुणाला नांदायचंच नसेल तर?"

"निघून जाता येतं. इंग्रज नाही का गेले?"

"बघ," एंकार्ना बहिणीला म्हणाली, "सगळी सोय आहे."

"शिवाय वेगवेगळ्या कामांच्या एजन्सी आहेत," ग्रासाला आता रंग चढला होता. "त्या एका गावात नाहीत, सगळ्या देशांत वाटून दिल्यात. मासेमारीवर लक्ष ठेवणारी स्पेनला, व्हिगोला. जहाजांच्या सुरक्षेची तर आपल्या लिस्बनलाच."

देओलिंदा ताडकन उभी राहिली. "लिस्बनला? होड्यांचं कार्यालय लिस्बनला, आणि मला विमानात कोंबून इथे आणलं?"

"बसा हो! ते मोठ्या जहाजांचं. तुमच्या होडीएवढा तर त्यांचा नांगर असतो."

देओलिंदा बसली, पण तिचा चेहरा उतरला. "मग माझी होडी नक्की बंद केली कुणी? आयोगानं, संसदेनं की परिषदेनं?"

ग्रासा हळूच म्हणाली, "मला वाटतं, यांच्यापैकी कुणीच नाही."

देओलिंदानं इतकी वर्षं ज्याला मनातल्या मनात बदडून काढलं, तो वैरी मुळात नव्हताच. मग भांडायचं कुणाशी? आणि भांडायलाच कुणी नसेल, तर होडी सोडायला सांगायचं कुणाला?

सभागृह म्हणजे अर्धगोल बाकं, भिंतींवर उंचावर काचेच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दोनतीन दुभाषी. प्रत्येकाच्या कानाला यंत्र. अध्यक्षबाई आयर्लंडच्या, चेहऱ्यानं प्रेमळ. त्यांनी नाव पुकारलं, समोरच्या ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा लागला आणि देओलिंदा सुटली.

"मी देओलिंदा. होडी चालवते. म्हणजे चालवायचे. ही माझी बहीण, नदीपलीकडे राहते. हिनं कांदा करपवला की मला माझ्या ओट्यापाशी वास येतो. इतकी जवळ! आणि हिच्या हातचं जेवायला मला विमानात बसून ब्रुसेल्सला यावं लागलं. काल विमानतळाच्या बाकावर बसून आम्लेट खाल्लं. एवढं करून ते खारट होतं!"

पोर्तुगीज सभासद खो खो हसले. देओलिंदाला धीर आला, पण ती थांबली मात्र नाही. थांबणं तिला माहीतच नव्हतं. श्वास घेतला न घेतला आणि ती पुढे निघाली.

"गेल्या वर्षी हिचा नवरा गेला. हुलियान. मला भावासारखा. मी माझ्या काठावर उभी होते. हिच्या दारात माणसं जमताना मला दिसत होती. ही उंबऱ्यात बसलेली दिसत होती. मी हाक मारली, हिला ऐकू गेली नाही. मी बसनं निघाले, आणि पोचले तेव्हा लोक माती देऊन परत फिरले होते..."

आणि नेमकं तेव्हाच डाव्या बाजूचे चारजण हसले. मग मधल्या रांगेत खसखस पिकली. मग उजवीकडे. अगदी मागच्या बाकावर एक म्हातारे फिनलंडचे गृहस्थ बसले होते, ते तर टेबलावर हात आपटून हसायला लागले.

देओलिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं ध्वनिक्षेपक असा धरला, जसं बाजारात कुणाचं बखोट धरावं.

"हसताय? माझा मेहुणा मेला आणि दात काढताय? आईबापांनी काही वळण लावलंय की नाही तुम्हाला? एवढे सूटबूट घालून बसलात, लाज नाही वाटत? आणि आजोबा तुम्ही! मागचे! या वयात?"

काचेमागून ग्रासा दोन्ही हातांनी खुणा करत होती. कान दाखवत होती, घड्याळ दाखवत होती. देओलिंदाला वाटलं, हीसुद्धा थट्टाच करतेय. पण मग तिला काहीतरी विचित्र दिसलं. पोर्तुगीजांच्या माना तर लगेच खाली गेल्या होत्या. आता स्पॅनिश लोकांचे चेहरे पडले. मग इटलीवाल्यांचे. मग जर्मनांचे. लाज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकत चालली होती, आणि मागचे आजोबा अजून हसतच होते. मग एकाएकी त्यांचं हसू थांबलं, त्यांनी छातीवर बोट ठेवून शेजारणीला विचारलं, "मी?"

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "बाई, रागावू नका. चूक आमची, आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुमचं बोलणं इथे सगळ्यांना एकाच वेळी पोचत नाही. काही भाषांत ते थेट जातं, काहींत आधी इंग्रजीत आणि मग त्यांच्या भाषेत. फिनलंडला सगळ्यात उशिरा."

देओलिंदाच्या तोंडाचा आ झाला. "म्हणजे... हे मेहुण्याला नाही हसले? आम्लेटला हसले?"

"आम्लेटलाच."

पोर्तुगीज पुन्हा हसले. देओलिंदानं या वेळी घाई केली नाही. हात वर करून ती सगळ्या युरोपला म्हणाली, "थांबा. मागच्यांचं होऊ द्या." आणि ती खरंच थांबली. हसू रांगेरांगेनं मागे गेलं, आजोबांपर्यंत पोचलं, त्यांनी दोन्ही हात जोडल्यासारखे केले, आणि तेव्हा देओलिंदाही हसली. आधी थोडी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"खारट नव्हतं," एंकार्ना बाजूला पुटपुटली. दुर्दैवानं तिचाही दिवा चालू होता, आणि ते वाक्यही वीसेक भाषांत गेलं.

मग आयोगाच्या वतीनं वेस्टरगार नावाचे एक उंच डॅनिश साहेब उत्तर द्यायला उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर केस भरपूर होते आणि पोट अजिबात नव्हतं. त्यांनी वाचून दाखवलं. संघाच्या कुठल्याही नियमानं ही होडी बंद केलेली नाही. नदीवरच्या अशा फेऱ्यांची परवानगी हा त्या त्या देशाचा अधिकार. आयोगाला यात आदेश देता येत नाही.

सरळ, स्पष्ट, आणि बंद दारासारखं उत्तर. देओलिंदानं एंकार्नाचा हात धरला.

वेस्टरगारनी कागद खाली ठेवला. "हे झालं आयोगाचं उत्तर. आता एक सुचवू का? संघाच्या कायद्यात एक सोय आहे. सीमेच्या दोन बाजूंची गावं मिळून एकच संस्था काढू शकतात. ती दोन्ही देशांत कायदेशीर. होडी त्या संस्थेची झाली, तर ती कुणालाच परकी राहत नाही. कागद मागायला दुसरा काठच उरत नाही."

"एवढं सोपं?"

"सोपं नाही. दोन्ही सरकारांची मंजुरी लागेल. आणि आधी दोन्ही गावांचं एकमत."

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. सरकारांचं एक वेळ जमेल हो! पण वाल्ये सेको आणि एल ओल्मिलोचं एकमत? सान पेद्रोच्या जत्रेतल्या एका फुटबॉलच्या गोलवरून ही दोन गावं कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, यावरून सोयरिकी मोडल्या होत्या.

अध्यक्षबाईंनी निकाल दिला. अर्ज खुला राहील, समिती दोन्ही सरकारांना लिहील. आणि मग हसून म्हणाल्या, "गावांचं मात्र तुमचं तुम्ही बघा."

देओलिंदा गावी परतली ती निराळीच होऊन. कॉफीच्या दुकानात कुणी म्हणालं, "ब्रुसेल्सनं काय सांगितलं?" तर ती फाडकन म्हणायची, "कुठल्या ब्रुसेल्सनं? आयोगानं, संसदेनं की परिषदेनं? नीट विचार, नाहीतर गप्प बस." लोक गप्प बसायचे.

गावचे प्रमुख सिन्योर औरेलियो म्हणाले, "संस्था काढू. पण अध्यक्ष मी." पलीकडचे महापौर दॉन फर्मिन म्हणाले, "काढू. पण अध्यक्ष मी." देओलिंदा इकडे ओरडायची, एंकार्ना तिकडे ओरडायची, आणि दोघींचा घसा बसला तरी दोन्ही पुरुष तसूभर हलेनात.

शेवटी देओलिंदा औरेलियोंच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. "मंत्र्यांच्या परिषदेत सत्तावीस देश आहेत. तिथे अध्यक्ष कोण असतं, ठाऊक आहे?"

"जर्मनी असणार."

"पाळीपाळीनं! सहा महिने एक, सहा महिने दुसरा. मग माल्टा असो की जर्मनी. त्यांना जमतं, आणि तुम्हा दोघांना जमत नाही?"

औरेलियोंनी मिशीवरून हात फिरवला. माल्टाला जे मिळतं ते आपल्यालाही मिळणार, हे त्यांना पटलं. एंकार्नानं पलीकडे हीच मात्रा दिली. फर्मिननाही पटलं. बैठक ठरली, पुलाजवळच्या खानावळीत, सकाळी अकराला.

देओलिंदा औरेलियोंच्या गाडीतून गेली. अकरा झाले, फर्मिनचा पत्ता नाही. कॉफी झाली, दुसरी झाली. औरेलियोंचा पारा चढत गेला. "हा अपमान आहे! माझा नाही, गावाचा! हे लोक असेच, तो गोलसुद्धा..." ते टोपी घालून उठले. देओलिंदाला वाटलं, संपलं सगळं. आता काठावर उभं राहून म्हातारं व्हायचं.

तेवढ्यात दॉन फर्मिन शीळ घालत दारातून आत आले, चेहरा फुललेला. "बघा, सिन्योर औरेलियो! ठोक्याला अकरा! मुद्दाम तुमच्या घड्याळाप्रमाणे आलो. म्हटलं, पहिल्याच दिवशी तुम्हाला मान द्यावा."

औरेलियो टोपी हातात घेऊन तसेच उभे. "माझ्या घड्याळाप्रमाणे? अहो, मी तुमच्या घड्याळाप्रमाणे आलोय! तासभर बसलोय!"

दोघांनी एकमेकांच्या मनगटाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत एकानं दुसऱ्याची वेळ विचारली नव्हती, आणि आज दोघांनीही ती पाळली होती. आधी फर्मिन हसले, मग औरेलियो. खानावळवाल्यानं न सांगता वाइन आणली. दुपारपर्यंत सह्या झाल्या आणि तो चेंडू रेषेवरच होता असंही ठरलं.

राजधान्यांच्या मंजुऱ्यांना पुढचा वसंत उजाडला. त्या दिवशी धक्क्यावर दोन्ही देशांचे झेंडे, संघाचा निळा झेंडा, बँड आणि भाषणं. आधी औरेलियो, मग फर्मिन, मग वेस्टरगार साहेबांचा शुभेच्छांचा निरोप. ऊन चढत होतं. देओलिंदा होडीत बसून ऐकत होती. तिनं पलीकडे पाहिलं. एंकार्ना काठी टेकत, चालायला शिकणाऱ्या पोरासारखं एकेक पाऊल टाकत धक्क्यापर्यंत आली होती आणि एकटीच उभी होती.

देओलिंदानं दोर सोडला आणि इंजिन सुरू केलं.

"अहो बाई!" औरेलियो ओरडले. "फीत कापायची राहिलीय!"

"कापा की! कोण अडवतंय?"

बँडवाल्यांना काही कळेना, तेव्हा त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दोन्ही काठांवर लोक टाळ्या पिटायला लागले.

पलीकडे उतरून देओलिंदा बहिणीच्या मागोमाग घरात शिरली. टेबलावर दोन ताटं होती, लसूण-कोथिंबिरीचा वाफाळता रस्सा, त्यात ब्रेड आणि अंडी, आईच्या हातचा असायचा तसा. देओलिंदानं बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. हुलियान गेला त्या दिवसाबद्दल, काठावरून मारलेल्या हाकेबद्दल, जे ओरडून सांगता येत नाही त्या सगळ्याबद्दल. सगळ्या युरोपला झापताना जी अडखळली नव्हती, तिच्या तोंडातून आता बहिणीच्या स्वयंपाकघरात शब्द फुटेना. ती नुसती खुर्चीवर बसली आणि डोळे भरून वाहायला लागले.

"रडतेस काय वेडे? जेव, गार होतंय," एंकार्ना म्हणाली, तिच्या शेजारी बसली, आणि हुलियानला माती दिल्यापासून पहिल्यांदाच स्वतःही पोटभर रडली.